बंद हाय, चालू समज

माणूस जिवंत आहे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचताना उगीच गैरसमज व्हायचा. मेलेल्या माणसांचे आवाज कानात घुमतात असं लोक सांगायचे आणि मी त्यांना हसायचे. माझ्या कानात घुमणारा आवाज लातूरला मुलाच्या घरी, पुढच्या खोलीत कॉटवर पडून असलेल्या माणसाचा आहे. तो दोन्ही वेळा जेवतो, चहात बिस्कीट बुडवून खातो. तरीही नांदेडच्या हँगरमध्ये मी विमानाच्या पंख्याला हात लावायला गेले, की माझ्या पाठीमागून तोच विचारतो, "स्विच?"

मी मागे वळून बघत नाही. सुरुवातीला बघायचे.

मी लहान विमानांची देखभाल करते. शिकाऊ पायलट ज्यांच्यावर हात बसवतात ती, पुढे एकच पंखा असलेली. भोकर तालुक्यातल्या आमच्या गावात बाबांनी "पोरगी विमानात लागली" असं सांगून पेढे वाटले होते. मला निळ्या साडीत, गळ्यात रुमाल बांधून लोकांना चहा देताना बघायची त्यांची तयारी झाली होती. पहिल्या सुट्टीला मी घरी गेले तेव्हा माझ्या नखांतलं काळं ऑइल त्यांनी बराच वेळ न्याहाळलं आणि म्हणाले, "मंग एसटीच्या डेपोत काय वाईट होतं?"

या कामात मला ज्यांनी घडवलं ते आमच्या हँगरचे मुख्य मेकॅनिक. औश्याकडच्या शेतकरी घरातले, पण उमेदीची वर्षं हैदराबादेत काम शिकण्यात गेलेली. तिथून येताना ते 'उस्ताद' ही हाक सोबत घेऊन आले आणि ती त्यांना इतकी चिकटली की घरचेही तीच मारायचे. मला ते 'माय' म्हणत. चिडले की 'मॅडम' म्हणत, आणि ते ऐकायची वेळ येऊ नये म्हणून मी नट दोनदा तपासायचे.

मॅग्नेटो म्हणजे काय हे सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही, म्हणून थोडा धीर धरा. विमानाच्या इंजिनाच्या मागच्या अंगाला नारळाएवढे दोन डबे असतात. त्यांच्या आत लोहचुंबक फिरतं, त्यातून ठिणगी तयार होते आणि त्या ठिणगीने सिलिंडरमधलं पेट्रोल पेटतं. याला बॅटरी लागत नाही, बाहेरून कसलीच वीज लागत नाही. नुसता पंखा हाताने फिरवला तरी आतून 'टक्' असा आवाज येतो आणि ठिणगी पडते. मग हे बंद कसं करायचं? चावी बंद केली की एक तार त्या डब्याला इंजिनाच्या धातूशी जोडते आणि ठिणगीचा सगळा जोर तिकडे जिरून जातो. म्हणजे आपल्या घरच्या दिव्याच्या नेमकं उलटं. दिव्याची तार तुटली की दिवा विझतो. मॅग्नेटोची ही तार तुटली की तो जागा राहतो, मग चावी तुमच्या खिशात असो की विहिरीच्या तळाला.

टायमिंग लावायचं म्हणजे ती ठिणगी नेमक्या क्षणी पडेल असं बघायचं. सगळ्यात आधी वरचे स्पार्क प्लग काढायचे. "आदी दात काढायचे, मंग तोंडात हात घालायचा," असं उस्ताद म्हणत. प्लग काढले की इंजिन पेटूच शकत नाही, त्यामुळे आमच्या सगळ्या कामांत हेच काम खरं तर निर्धोक. मग एकाने पहिल्या सिलिंडरच्या भोकावर अंगठा धरायचा आणि दुसऱ्याने पंखा हळूहळू फिरवायचा. अंगठ्याखाली हवा दाटून ढकलायला लागली, की पिस्टन वर निघाला असं समजायचं. पंख्यामागच्या चकतीवरची खूण तिच्या जागेसमोर आणायची. दोन बारक्या दिव्यांची पेटी जोडायची, मॅग्नेटोचे नट थोडे ढिले ठेवायचे आणि तळहाताने त्याला हलकेच सरकवत न्यायचं. दिवा लागला तिथे थांबून नट आवळायचे. खूण ओलांडून पुढे गेलात, तर तेवढंच मागे येऊन भागत नाही. गिअरच्या दात्यांत सैलपणा असतो, तो फसवतो. बरंच मागे जायचं आणि पुन्हा सावकाश पुढे यायचं.

दोन्ही दिवे एकदम लागले की उस्ताद शाबासकी वगैरे देत नसत. "चहा सांगा," एवढंच म्हणत. तो चहा मला फार गोड लागायचा.

टायमिंगच्या आधीही त्यांनी मला शिकवली ती एक बोली. पंख्यापाशी जाणाऱ्याने मोठ्याने विचारायचं, "स्विच?" ज्याच्याकडे चावी असेल त्याने सांगायचं, "बंद हाय." इथपर्यंत सगळीकडेच असतं. पण उस्तादांचं तेवढ्यावर समाधान नव्हतं. विचारणाऱ्याने पुन्हा विचारायचं, "आन्?" आणि चावीवाल्याने म्हणायचं, "चालू समज." त्यानंतरच पंख्याला हात. पुण्या-मुंबईहून आलेली पायलट पोरं या बोलीची नक्कल करून हसायची. चहाच्या टपरीवर एक जण कपाला हात लावताना "स्विच?" म्हणायचा. उस्ताद त्यांच्यासोबत हसत, पण हँगरमध्ये एकालाही त्यातून सूट देत नसत. मी एकदा म्हटलं, "उस्ताद, बंद हाय म्हटल्यावर चालू कशाला समजायचं?" ते म्हणाले, "पहिलं उत्तर तुजं हाय माय, दुसरं इंजिनाचं. त्याला बोलता येत न्हाई म्हनून तू सांगायचं."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, हँगरमध्ये हत्यारांची पूजा व्हायची. पांढऱ्या कापडावर पाने, पकडी, टॉर्क रेंच मांडायचे, दिव्यांच्या पेटीलाही कुंकू लागायचं, आणि धुऊनपुसून लख्ख केलेलं एक विमान मध्यभागी उभं करून त्याच्या पंख्याला झेंडूचा हार घालायचा. त्यानंतर दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी हत्यार उचलायचं नाही. हत्यारं त्या दिवशी विसावा घेतात असा सगळ्यांचा भाव. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात ही पूजा नाही, आणि दुसऱ्या दिवशीचा माझा सण वेगळाच, त्यासाठी मी दुपारनंतरच्या गाडीने गावी निघायचे. त्यामुळे पूजेच्या वेळी मी बाजूला उभी असायचे. पहिल्याच वर्षी मला कसंतरी होतंय हे उस्तादांनी ओळखलं. त्यांनी सगळ्या विमानांच्या चाव्या आणून माझ्या हातात दिल्या. "तू पूजेत न्हाईस ना? मंग ह्या तुज्यापाशी. हात जोडलेल्या मानसाच्या खिशात चावी नसावी." पुढे दर वर्षी तेच झालं. पूजेत नसलेली मी एकटीच असल्याने ते काम माझंच होऊन गेलं आणि मला त्याचा अभिमान वाटायचा.

त्या वर्षी सकाळीच उस्तादांनी आणि मी एका विमानाचं टायमिंग लावून संपवलं. प्लग बसवले, तारा जोडल्या, इंजिन चालवून पाहिलं. मंद चालत असताना चावी बंदवर नेली तर इंजिन गप होऊ लागलं, म्हणजे तार आपलं काम करत होती. मग झाकण बसवलं, पोरांनी विमान ढकलत आत आणलं आणि पूजेला तेच ठेवलं, कारण ते सगळ्यात स्वच्छ दिसत होतं. इंजिन अजून गरम होतं.

गुरुजींनी सुरुवात केली. हार आला, चांगला मनगटाएवढा जाड. पंखा तिरपा थांबलेला असल्याने हार घसरून एका टोकाला गोळा व्हायचा. दोनदा घातला, दोनदा घसरला. आमच्या मोठ्या साहेबांच्या बायको फोन धरून समोर उभ्या होत्या, त्या सहज म्हणाल्या, "जरा आडवा असता ना, तर फोटो छान आला असता." त्यांनी हात लावा असं म्हटलं नाही, हे मी चौकशीतही सांगितलं आणि इथेही सांगते.

उस्तादांच्या कपाळावर गंध होतं. ते पंख्याजवळ गेले, माझ्याकडे बघून हसले आणि विचारलं, "स्विच?"

मी खिशातल्या चाव्या दाबून पाहिल्या आणि म्हटलं, "बंद हाय."

गुरुजींचं म्हणणं चालू होतं, कुणीतरी घंटा वाजवत होतं. उस्तादांनी पुढचं 'आन्?' विचारलं नाही. हार घातलेलं यंत्र त्या दिवशी यंत्र राहत नाही, असं काहीसं त्यांच्याही मनात झालं असावं. इतक्या वर्षांत मी त्यांना देवाला हात लावावा तसा पंख्याला हात लावताना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी पातं हलकेच आडवं करायला घेतलं.

टक्. आणि लगेच धप्प असा मोठा आवाज. पंखा एकदा गर्रकन फिरला आणि थांबला. झेंडूची फुलं छतापर्यंत उडाली. उस्ताद खाली बसले होते आणि त्यांचा उजवा हात कोपराच्या खाली भलत्याच दिशेला वळलेला होता. ते ओरडले नाहीत. ते माझ्याकडे बघत होते.

नंतर तार सापडली. आवरणाच्या आत तुटलेली, बाहेरून अगदी धड. सकाळी तिचा शेवटचा एखादा धागा शिल्लक असावा आणि झाकण बसवताना तोही गेला असावा. चूक कुणाचीच नाही असा निष्कर्ष निघाला. मला तो मुळीच आवडला नाही. कुणाची तरी चूक निघाली असती तर तिच्यावर चिडता आलं असतं. आता माझ्यापाशी उरलं ते एवढंच, की त्यांनी विचारलं, मी 'बंद' म्हटलं, आणि ते बंद नव्हतं.

दवाखान्यात मी त्यांना एकदाच भेटले. हाताच्या हाडात स्टीलची पट्टी घातली होती, बोटं सुजली होती. मी म्हटलं, "उस्ताद, चावी माझ्या खिशातच होती." ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. म्हणाले, "हाव." बस, नुसतं 'हो', इतकंच. पुढे मुलगा त्यांना लातूरला घेऊन गेला.

तो 'हाव' मी किती प्रकारे ऐकला असेल. कधी तो 'मला ठाऊक हाय' असा वाटायचा. कधी 'आता सांगून काय उपेग' असा. बहुतेक वेळा तो 'खोटं बोललीस' असा ऐकू यायचा. जायला पाहिजे होतं, पण त्यांच्या तोंडून तेच नीट शब्दांत ऐकावं लागलं तर काय, या भीतीने मी लातूरचा रस्ताच टाळला. आणि मग ते हँगरमध्ये यायला लागले. ऐन दुपारी पत्रे तापून 'टक्' वाजले की माझे खांदे आक्रसायचे. पंख्याला हात लावायच्या आधी मागून तो प्रश्न यायचा. उत्तर देताना माझी जीभ जड व्हायची. सोबतच्या पोरांना वाटायचं मॅडम फार काळजी घेतात. वॉचमनने एकदा मला विचारलं, "ह्या शेडात काई हाय का वो मॅडम? तुमी मदीच दचकायलाव." दुसऱ्या दिवशी त्याने दाराला लिंबू-मिरची बांधली. बांधली तर बांधली म्हटलं.

माझ्या फोनलाही अक्कल नाही. दर दसऱ्याच्या तोंडावर तो आपणहून साहेबांच्या बायकोंनी तेव्हा पाठवलेला एक फोटो काढून समोर ठेवतो, 'आठवण' म्हणून. त्यात सगळे हसतायत, हार एका टोकाला गोळा झालाय आणि उस्तादांचा हात पात्यावर आहे. मी तो पुसून टाकलेला नाही.

मग या वर्षी काकूंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, फोन आला. "तुमी एकडाव येऊन जा," त्या म्हणाल्या. "ह्यांचं डोकं आता जाग्यावर न्हाई. पोराला वळखत न्हाईत. त्यो हात काखंत दाबून धरतेत, काढूच देत न्हाईत. नखं वाढून तळव्यात रुतायलीत. डाक्टर म्हणले, असंच ऱ्हायलं तर जखम चिघळंल, हात जाईल. धराय गेलं की वरडतेत. आन् सगळ्यायला एकच इच्चारतेत, स्विच, स्विच."

"मग तुम्ही काय म्हणता?" मी विचारलं.

"पोरगा म्हणतो, बंद हाय बाबा. मी म्हणते, बंद हाय. नातवंडं बी म्हणतेत. आयकून घेतेत, वाट बघितल्यावानी करतेत, आन् हात आनिक आत दाबतेत. लई हाल हायेत माय."

मी फोन ठेवला आणि स्वच्छतागृहात जाऊन रडले. त्या घरात सगळे 'बंद हाय' म्हणत होते आणि त्यांना ते पटत नव्हतं. का पटावं? तो शब्द माझ्याच तोंडून खोटा पडला होता. आणि आता त्या शब्दापायी त्यांचा हात जायची वेळ आली होती.

शेवटी लातूरच्या एसटीत बसले. लोहा मागे पडलं, अहमदपूरला गाडी चहासाठी थांबली, तेव्हा मी उतरून परतीच्या, नांदेडच्या गाड्यांच्या फलाटावर जाऊन उभी राहिले होते. कंडक्टर लांबून ओरडला, "ओ बाई, लातूर हिकडं." मी निमूट परत चढले. त्याचे मी मनातल्या मनात आभारही मानले आणि त्याला शिव्याही दिल्या.

लातूरच्या त्या खोलीत औषधांचा आणि खोबरेल तेलाचा वास होता. उस्ताद निम्मे झाले होते. डावा हात मांडीवर, उजवा काखेत, वर गोधडी. काकूंनी कोमट पाण्याचं घमेलं आणि नेलकटर आधीच तयार ठेवलं होतं, म्हणजे आज होणारच असं त्यांनी धरलं होतं. मला ते बघून अवघडल्यासारखं झालं. मुलगा दारात उभा होता.

"कोन आलंय बघा," काकू म्हणाल्या.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओळखीचं काही दिसलं नाही. मी स्टूल ओढून जवळ बसले आणि गोधडीकडे हात नेला. त्यांचं सगळं अंग ताठ झालं. ते म्हणाले, "स्विच?"

आवाज तोच होता. फक्त या वेळी तो माझ्या मागून नाही, समोरून आला.

काकू माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, "बंद हाय."

त्यांनी ऐकलं. आणि काकूंनी सांगितलं होतं तसेच वाट बघत राहिले. हात आणखी आत गेला. मुलाने सुस्कारा सोडला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांचे ओठ हलल्यासारखे झाले, काहीतरी विचारायचं आहे आणि ते सापडत नाही, तसे. दोनदा हलले. मला एकदम कळलं की ते माझ्या उत्तराची वाट बघतच नव्हते. माझं उत्तर त्यांना मिळालं होतं. ते आपल्या पुढच्या प्रश्नाची वाट बघत होते आणि तो येत नव्हता. त्या दिवशी आला नव्हता, तसाच.

तेव्हा तो न विचारताच मी म्हटलं, "चालू समजा, उस्ताद."

त्यांचे खांदे खाली आले. गोधडी हलली. कोपर आधी बाहेर आलं, मग तो वाकडा हात, मूठ घट्ट वळलेली, आणि त्यांनी तो माझ्या मांडीवर आणून ठेवला. काकूंनी पदर तोंडाला लावला.

उस्ताद हाताकडे बघत होते, माझ्याकडे नाही. अगदी कामातलं काही सांगावं अशा आवाजात ते म्हणाले, "त्या दिशी म्या इच्चारलंच न्हाई, माय."

मी "हाव" म्हटलं. मग मूठ कोमट पाण्यात धरली, बोटं सैल होईपर्यंत थांबले आणि अंगठ्यापासून नखं काढायला सुरुवात केली.